धूळवाफेवरचे बी

रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे संगमेश्वराच्या आसपासच्या गावांतून, शास्त्री आणि सोनवी या दोन नद्यांच्या खोऱ्यांत जिथे जिथे म्हणून भाताची चार गुंठे जमीन आहे तिथे तिथे, एक काम सुरू होते, ज्याच्याकडे परगावच्या माणसाचे सहसा लक्षही जात नाही. त्याआधीच तरवा भाजून झालेला असतो. म्हणजे रानातून तोडून आणलेले कवळ, गोठ्यातले शेण, झाडाखालचा पातेरा आणि पेंढा यांचे थर वाफ्यावर पसरून, त्यांवर बारीक माती टाकून आणि वाऱ्याचा रोख पाहून ते पेटवलेले असतात, माती करपून काळी झालेली असते, आणि तिच्यावरून नांगर फिरलेला असतो. मग आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना आणि विहिरींनी तळ गाठलेला असताना शेतकरी घरात जपून ठेवलेले बियाणे टोपलीत घेऊन त्या कोरड्या फुफाट्यात पेरतो. हिलाच धूळवाफेवरची पेरणी म्हणतात.

अशी पेरणी करणाऱ्या एका वृद्ध शेजाऱ्यांजवळ मी एकदा सकाळभर उभा होतो. ते मूठ भरून घेत, क्षणमात्र थांबत, आणि मग मनगटाला हलकासा हिसका देऊन बोटे एकेक करून उघडीत, त्यामुळे दाणे एका जागी न पडता पंख्यासारखे पसरत. वाफा संपल्यावर त्यांनी झाडाची एक फांदी त्यावरून ओढली, पाखरांच्या नजरेला पडलेले दाणे मातीआड केले आणि रिकामी टोपली बांधावर उपडी घातली. मी विचारले, "काका, पाऊस लांबला तर?" ते म्हणाले, "लांबला तर लांबला. पेरलाच नाय, तर येऊन तरी काय उपेग?"

मी जन्माने ख्रिस्ती. आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत 'प्रभूच्या हाती सोपवले' हे शब्द दिवा लावण्याइतके नित्याचे होते. आजारपण, परीक्षा, कर्जाचा हप्ता, मुंबईला गेलेल्या भावाचे न आलेले पत्र, सारे काही त्या एका वाक्यात जाई. पुष्कळ वर्षे ते वाक्य मी उच्चारले, आणि त्याचा अर्थ मला कळला आहे असे मानलेही. परंतु ते ज्याला खरोखर म्हणता येते त्याच्या हाताची आकृती कशी असते, हे मला त्या सकाळी, त्या उघडणाऱ्या मुठीकडे पाहताना प्रथम दिसले.

अनिश्चितता ही संगमेश्वराला नवी नाही. एके काळी गलबते खाडीवाटे इथवर येत आणि पेठ गजबजलेली असे. पुढे पात्रात गाळ साचत गेला, आणि व्यापार जयगडच्या दिशेने खाली सरकला. १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले ते याच गावी, आणि एका दिवसात साऱ्या महाराष्ट्राच्या पायाखालची जमीन सरकली. आजही आषाढात सह्याद्रीवर सतत दोन दिवस कोसळले की नदीकाठची दुकाने आपला माल माळ्यावर चढवू लागतात; कितीही चढवला तरी पाणी कोणत्या पायरीवर थांबेल ते त्यांना ठाऊक नसते. २०२० साली मुंबईचे चाकरमानी टाळेबंदीत गावोगाव परतले, तेव्हा ज्यांच्या हाताला वीस-वीस वर्षे काम होते त्यांना पुढच्या महिन्याचा भरवसा देता येत नव्हता. माणसाच्या ताब्यात फार थोडे असते, हे सांगायला इथे धर्मोपदेशकाची गरज पडत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे: जे आपल्या ताब्यात नाही ते कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्याच्याशी आपले नाते कोणते?

मराठी पवित्र शास्त्रात या नात्यासाठी एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे कारभारी. शुभवर्तमानातल्या दाखल्यांत धनी दूरदेशी जातो, मालमत्ता चाकरांच्या हवाली करतो आणि परत आल्यावर हिशेब मागतो. कारभाऱ्याच्या हाती किल्ल्या असतात, जमाखर्च असतो, गडीमाणसांवर हुकूम चालवण्याचा अखत्यार असतो. नसते ती एकच गोष्ट, मालकी. ख्रिस्ती माणसाची शरणागती समजून घ्यायची तर इथून आरंभ करावा असे मला वाटते, कारण चिंतेचे मूळ बहुधा असे असते, की कारभारी असलेला मनुष्य स्वतःला मालक समजू लागलेला असतो आणि मालकाचा सारा भार त्याने आपल्या कारभाऱ्याच्या खांद्यावर घेतलेला असतो. ज्याच्या मालकीची शेती आहे त्याने पावसाची चिंता करावी. कारभाऱ्याने बांध घालावेत, बी निवडावे, वेळेवर पेरावे, आणि रात्री झोपावे.

कोकणात हा दाखला देताना मात्र जपून द्यावा लागतो. कारण जमिनीचा ताबा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची, ही व्यवस्था इथे खोतीच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या नांदली, आणि कुळाच्या घरातले भात खोताच्या खळ्यात कसे जाते हे या जिल्ह्यातल्या असंख्य कुटुंबांनी अनुभवले. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यान्वये. म्हणून मी इथे निःसंदिग्धपणे लिहितो, की देवाला शरण जाणे आणि खोताला शरण जाणे यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. अन्याय करणाऱ्यापुढे मान तुकवून घेण्यासाठी जो कोणी दुबळ्याला 'प्रभूची इच्छा' ऐकवतो तो प्रभूचे नाव स्वतःच्या लाभासाठी वापरतो. येशूने देवळातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, हे अशा वेळी आठवावे.

याच्या अगदी उलट्या टोकाचा गैरसमजही आपल्या भाषेत एका म्हणीच्या रूपाने वावरतो: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. हातपाय न हलवता देवावर भार टाकणे म्हणजे श्रद्धा, असे मानणारे सर्व धर्मांत आढळतात आणि आमच्या मंडळ्यांतही त्यांची उणीव नाही. परंतु अरण्यातल्या परीक्षेच्या वेळी सैतानाने येशूला देवळाच्या शिखरावर नेले आणि इथून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सांगितले, तेव्हा येशूने ती उडी घेतली नाही. देवाची परीक्षा पाहणे हे विश्वासाचे लक्षण नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना मिळे तो आकाशातून, तथापि रोज सकाळी उठून तो वेचावा लागे. आणि उद्याची बेगमी म्हणून कोणी रात्रभर राखून ठेवला, तर त्याला किडे पडत. मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचा वेचण्याची आज्ञा होती आणि तो टिकेही. देवावर विसंबणाऱ्याला वेचण्यातून सूट नव्हती आणि साठवण्याला सर्वथा मनाई नव्हती, हा त्या जुन्या कथेतला बारकावा मला फार मोलाचा वाटतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची मागतो. कोठार भरून मागत नाही.

आणि भीतीचे काय? शरण गेलेल्या माणसाला भीती वाटत नाही, असे जे सांगितले जाते ते माझ्या मते खरे नाही, आणि ते सांगून आपण भयभीत माणसाच्या दुःखात अपराधाची भर घालतो. गेथशेमानेच्या बागेत स्वतः ख्रिस्ताने प्रथम हेच मागितले, की हा प्याला माझ्यावरून टळून जावा; एकदा नव्हे, तीन वेळा प्रार्थना केली; आणि त्याचे जिवलग शिष्य दगडाच्या टप्प्याइतक्या अंतरावर झोपलेले असताना केली. पित्याच्या इच्छेपुढे त्याने आपली इच्छा ठेवली ती आपली इच्छा मोकळेपणाने बोलून दाखवल्यानंतर. मागणे आणि सोपवणे ही एकाच प्रार्थनेची दोन वाक्ये आहेत, आणि पहिले गिळून टाकून दुसरे म्हणणारा माणूस देवाशी मनमोकळे बोलत नाही, इतकेच.

हे सारे महाराष्ट्रात प्रत्यक्ष जगून दाखवणारी एक स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे चरित्र विद्वत्तेसाठी आणि स्त्रियांच्या उद्धारासाठी सांगितले जाते; मला इथे त्यातले एक वेगळे सूत्र दाखवायचे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे विद्वान ब्राह्मण. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुर्भिक्ष पडले, जवळचे सारे संपले, आणि तिरुपतीच्या परिसरात उपासमारीने गांजलेल्या त्या वृद्ध शास्त्र्यांनी एका पवित्र जलाशयात देह ठेवण्याचा निश्चय केला. मुलांचा निरोप घेताना धाकट्या रमेला त्यांनी जवळ घेतले आणि आपण तिला देवाच्या हाती सोपवले आहे, ती आता त्याची आहे, त्याचीच सेवा तिने आयुष्यभर करावी, असे सांगितले. पुढे मुलाच्या विनवणीमुळे जलसमाधीचा बेत राहिला. पण थोड्याच दिवसांत ते गेले, त्यांच्यामागून आई गेली, आणि १८८० साली भाऊही गेला. रमाबाईंनी हा निरोपाचा प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि त्या ख्रिस्ती झाल्यावरही तो विसरल्या नाहीत, हे मला विशेष वाटते. एका हिंदू पित्याने उपाशी पोटी केलेले ते सोपवणे देवाने नाकारले, असे त्यांना कधीही वाटले नाही.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला; १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, ते पुढे पुण्याला आले. या कामासाठी अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले होते. रमाबाई व्यवहारात चोख होत्या. मुदत सरल्यावर काय, याचा विचार त्यांनी वेळीच केला, केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळझाडे लावली, विहिरी खोदल्या, आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल असा अंदाज बांधला. म्हणजे तरवा भाजून, नांगरून तयार होता. मग १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता येऊ लागल्या. त्याच वर्षी लोणावळ्याच्या एका प्रार्थनासभेत, आपल्या सदनातल्या ज्या पंधरा मुलींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला होता त्यांच्याबद्दल उपकार मानताना, त्या पंधरांचा वर्ग होऊन दोनशे पंचवीस व्हाव्यात असे त्यांनी देवाजवळ मागितले होते. गणिती मागणे होते. आणि इतक्या मुलींना जेवू कोठून घालणार, याचा जमाखर्च मांडला असता तर ते मागणेच आचरटपणाचे ठरले असते.

त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. ज्या बाईने कोवळ्या वयात रानातला पाला खाऊन दिवस काढले होते, तिला त्या छावण्यांतल्या मुलींचे डोळे ओळखीचे वाटले असतील. जवळजवळ तीनशे मुली त्या घेऊन आल्या. आल्या त्या अशा वेळी, की पुण्यात प्लेग फोफावला होता आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हा केडगावच्या शेतावर, घरे नव्हती तिथे, झोपड्या आणि तंबू ठोकून त्यांची सोय लावावी लागली. मुक्तिसदन असे उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, गोठा, छापखाना, सर्व कामे मुलीच करीत. आंधळ्यांसाठी वेगळी व्यवस्था होती.

या काळात रमाबाईंवर ज्यांच्या चरित्राचा परिणाम झाला त्यांत ब्रिस्टलचे जॉर्ज मुल्लर हे एक होते. दहा हजारांहून अधिक अनाथ मुलांचा सांभाळ या मनुष्याने आपल्या हयातीत केला, आणि पैशासाठी कोणाही माणसाच्या दारी न जाता केवळ प्रार्थना करण्याचा नियम पाळला. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि भारावून जातात. परंतु हाच मनुष्य आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवी आणि दरवर्षी छापील अहवाल काढी. ज्याने उत्पन्नाची चिंता देवावर टाकली त्याने खर्चाचा हिशेब स्वतःकडे ठेवला. केडगावात रमाबाईंनी हेच केले. प्रार्थनेसाठी पहाटे उठणारी ती बाई दिवसभर विहिरींची खोली, धान्याची पोती आणि छापखान्यातले खिळे मोजीत असे. सोपवणे म्हणजे विसरणे असते, तर मुक्तिसदन एका उन्हाळ्यात उजाड झाले असते.

देवाने त्यांचे सारे ऐकले का? नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती हे सर्व द्यावयाचे अशी त्यांची तजवीज होती, ती १९२१ च्या जुलैत वारली; आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये, मूळ भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलचे काम अखेरपर्यंत करीत, रमाबाई गेल्या. ज्यांना शरणागती म्हणजे इच्छापूर्तीचा करार वाटतो त्यांनी ते नऊ महिने डोळ्यांपुढे आणावेत. मला त्या महिन्यांबद्दल अधिक काही लिहिण्याचे धैर्य होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचा स्वतःचा असा एक पुरुषही या वाटेने गेला. नारायण वामन टिळक १८६१ साली दापोली तालुक्यातल्या करजगावी जन्मले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक तो ग्रंथ वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. त्या प्रवचनातच पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवून उद्याच्या चिंतेबद्दल येशू बोलतो; आणि बोलतो तो कोणाशी, तर रोमी साम्राज्याच्या करांखाली वाकलेल्या गालीलातल्या कोळ्या-कुणब्यांशी, ज्यांना उद्याची चिंता करण्यास पुरेसे कारण होते. १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नातेवाईक गेले, प्रतिष्ठा गेली, आणि पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा यांची काही वर्षे ताटातूट झाली.

इथे मला थांबून लक्ष्मीबाईंच्या बाजूने बोलावेसे वाटते. टिळकांचा विश्वास अथांग होता. पैसा त्यांच्या हातात ठरत नसे, समोर गरजू दिसला की तो त्याचा होई. परंतु घरात मीठमिरची आहे की नाही हे पाहणारी व्यक्ती दुसरीच होती. एकाने सर्व काही देवावर सोपवले की त्याच्या घरातल्या कोणाला तरी दुप्पट मोजमाप करावे लागते, हे धर्मग्रंथांवरील भाष्यांत लिहिलेले नसते. ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि कसलीही कटुता न ठेवता, हसत हसत सांगितलेले आहे. ज्याला शरणागतीचा उपदेश करावयाचा असेल त्याने आधी आपल्या घरातल्या लक्ष्मीबाईला विचारून घ्यावे. ही माझी टीका नव्हे. टिळकांवर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच हे लिहिल्यावाचून राहवत नाही. लक्ष्मीबाई पतीमागून ओढत गेल्या नाहीत. त्यांनी आपला वेळ घेतला, सोवळेओवळे आणि जातिभेद यांच्याशी स्वतःच्या मनात झगडल्या, आणि १९०० साली राहुरीला, आपल्या निर्णयाने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सारे भक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. वेतन नाही, पाठीशी संस्था नाही, प्रकृती खालावलेली. दोन वर्षेच हाती होती. १९१९ च्या ९ मे रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा दरबार मूळ धरण्यापूर्वीच उघडा पडला होता, आणि येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवर थांबले होते. माणसाच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही कामे बुडाली.

अर्धा राहिलेला तो अकरावा अध्याय लक्ष्मीबाईंनी पुढे नेला. शाळेचे रीतसर शिक्षण नाही, लिहिणे-वाचणे संसारात राहून जमेल तसे शिकलेले. ज्या पुरुषाच्या विश्वासाचा भार आयुष्यभर आपल्या संसाराने वाहिला, त्याचीच अपुरी ओवी पुढ्यात घेऊन ही बाई उतारवयात बसली आणि चौसष्ट अध्याय लिहून गेली. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या; ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली, दोघांपैकी कोणीही तो पाहायला नसताना.

मी काकांच्या पेरणीजवळ उभा होतो त्या वर्षी संगमेश्वरला मृग कोरडा गेला. शेजारचे काका रोज सकाळी वाफ्यापर्यंत जात, माती उकरायला आलेल्या कोंबड्या हाकलीत आणि परत येत. एके दिवशी त्यांनी नळ्याची चार कौले बदलली, दुसऱ्या दिवशी बांधाचे खांड बुजवले. मी काही विचारले नाही. पाऊस आला तो रात्री, एकाएकी, पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. आणि पाच-सहा दिवसांनी काकांनी मला बोलावून वाफा दाखवला, तेव्हा काळ्या मातीवर हिरव्या सुईच्या टोकाएवढे कोंब उभे होते, सगळीकडे नव्हते, वाफ्याचा एक कोपरा मुंग्यांनी नेला होता, तिथे ते वाकून नवे दाणे टोचीत होते.